झ्यूसच्या पोरांनाही मरण असतं

मिलिंद,

शेलूबाजारच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. गळ्यात नाग, डोळ्यांवर गॉगल, मागे काळे ढग आणि ढगांतून थेट तुझ्या डोक्यावर उतरणारी वीज. वीज तुझ्या सोबतच्या पोरांनी कॉम्प्युटरवर घातली असणार. खाली मोठ्या अक्षरांत 'नागांचा राजा अमर राहो'. परवा बाजाराला गेले तेव्हा मी त्याच्याचखाली जीपमधून उतरले. एक म्हातारी शिरपूरच्या गाडीची वाट पाहत उभी होती. तिने वर बघितलं आणि मला विचारलं,

"कोन व्हय व हा?"

"माहा भाऊ."

"काय झालं त्याले?"

"नाग चावला."

तिने डोळ्यांवर हात धरून फ्लेक्स पुन्हा नीट पाहिला. मग म्हणाली, "मंग राजा कायचा?"

मला हसू आलं. तू गेल्यापासूनचं पहिलं हसू, आणि तेही तुझ्याच जिवावर.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं. ते बोलून झालं आहे. माइक लावून, हार घालून, डोळे पुसून झालं आहे. मी उरलेलं बोलते.

आपल्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा रिकामा करून सगळे टाक टोपलीत घातले, नाल्याच्या डोहात सोडले आणि त्या कोनाड्यात कंदील ठेवला. हे माय इतक्या वेळा सांगायची की मी तिथे हजर होते असं मला वाटतं. त्या घरात तू झ्यूस आणलास. सहावीत होतास. आठवडी बाजारात भेळवाल्याने पुडे बांधायला एक जुनं पुस्तक ठेवलं होतं, ग्रीक देवांच्या आणि वीरांच्या गोष्टींचं, मराठीतलं. तू भेळ खाल्लीस, पुड्याचा कागद वाचलास आणि परत जाऊन उरलेलं पुस्तक मागून आणलंस. भेळवाल्याने ते पुढून आणि मागून, दोन्हीकडून फाडत आणलं होतं. त्यामुळे तुझ्या पुस्तकात झ्यूस जन्माला येतच नव्हता. पहिल्या पानापासून तो हातात वीज घेऊन आकाशाच्या गादीवर बसलेलाच होता. आणि हर्क्युलस मरतच नव्हता. त्याचं मरण बाजारातून कोणीतरी भेळीसोबत घरी नेलं होतं.

मायने चित्र पाहिलं. दाढीवाला, कमरेला कसंतरी गुंडाळलेलं, बाकी उघडा.

"तुह्या आजानं तेहतीस कोटी घराभाहेर काढले," ती म्हणाली, "अन् तू हा नागडा एक आत आनला?"

"हा साधा देव नाही माय. देवांचा राजा हाये."

"मंग तं अजूनच भाहेर ठेव."

पण ठेवू दिलंच तिने. उशिरा झालेला लेक होतास तू तिचा.

तुला त्या पुस्तकाचं वेड कशाने लागलं ते मला ठाऊक आहे. त्यात पाळण्यातल्या हर्क्युलसची गोष्ट होती. झ्यूसच्या बायकोने सवतीच्या पोराला मारायला दोन साप पाठवले आणि तान्ह्या पोराने दोन्ही मुठींत आवळून ते मारले. पुस्तक घेऊन तू धावत माझ्याकडे आलास. "ताई, हे तं माह्यंच हाये!"

तुझं कसलं? कपाशीचं निंदण चालू होतं, बांधावरच्या लिंबाला तुझी झोळी बांधली होती आणि आठ वर्षांची मी झोके देत होते. फांदीवरून एक धामण दोरीवर उतरली. मी किंचाळले. माय धावत आली, तिने विळ्याने धामण मारली आणि ती झोळीत पडली. तू तिची शेपटी धरलीस. तेव्हा तू काहीही धरायचास, माझी वेणीसुद्धा. धामणीला विष नसतं आणि ही तर मेलेली होती. पण माय गावभर सांगत सुटली, माह्या लेकानं झोळीत साप धरला. किंचाळणारी पोरगी त्या गोष्टीत कधी आलीच नाही.

पुस्तकात मात्र होती. हर्क्युलससोबत पाळण्यात त्याचा जुळा भाऊ होता, इफिक्लीज. हर्क्युलस झ्यूसचा, हा साध्या माणसाचा. साप पाहून इफिक्लीज रडला, एवढंच त्याच्याबद्दल लिहिलं होतं. मी म्हटलं, "तो रडला म्हून घरचे उठले, हे नाही लिवलं कोनं?" त्या दिवसापासून तू मला इफिक्लीज म्हणायला लागलास. पुढे मी नर्स झाले, तू साप धरायला लागलास, तरी भर ओपीडीत दारातून ओरडायचास, "ओ इफिक्लीज! पेशंट आनला!" नव्या पोरींना ते माझं आडनाव वाटायचं.

भांडण आपलं झ्यूसवरून. तुला तो आवडायचा. वर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतो, आपल्या पोरांना ताकद देतो, असं तुझं म्हणणं. मी विचारायची, त्या पोरांच्या आयांचं काय? पर्सियसच्या आईला तर बाळासकट पेटीत कोंडून समुद्रात सोडलं. हा बाप वरून बघत होता. खाली उतरून पेटी काही उचलली नाही त्याने. पोरगा मोठा होऊन राक्षसीण मारायला निघाला तेव्हा कुठे वरून ढाल आली, उडायच्या चपला आल्या.

"तुले पेटीच दिसते, ताई," तू म्हणायचास. "मले ढाल दिसते."

"ढाल कोनाले लागते? ज्याचा बाप घरी नाही त्याले."

"जळते तू. तुह्यात अर्धा देव नाही म्हून."

हे तू हसत बोलायचास. आपले बाबा बाजार समितीत पोती वाहून वाहून वाकलेले, आणि तू अर्धा देव. मी तेव्हाही विचारलं होतं आणि आजही विचारते, अर्धा देव असला तर मरताना कोणता अर्धा मरतो? तेव्हा फोन वाजला आणि तू गाडीला किक मारून गेलास. कोणाच्या तरी गुरांच्या कोठ्यात साप निघाला होता.

जे खरं आहे ते मान्य करते. तू येण्याआधी या भागात साप दिसला की काठी निघायची. तू लोकांना थांबायला शिकवलंस. जऊळक्यापासून शिरपूरपर्यंत तुझा नंबर भिंतींवर खडूने लिहिलेला असायचा. पंचशीलातलं पहिलं शील, जीव न मारायचं, आम्ही विहारात बसून म्हणतो, तू ते बरणीत घालून जंगलात सोडून यायचास. आणि साप चावलेली माणसं. त्यांना नागोबाच्या पारावर नेऊन बसवायचे, लिंबाचा पाला चघळायला द्यायचे, कडू लागला तर विष चढलं नाही म्हणायचे. तू पारावर जाऊन भांडायचास, माणूस गाडीवर मध्ये बसवून माझ्याकडे आणायचास. त्यातले कितीतरी आज चालते-फिरते आहेत. तुझ्या त्या आरोळीवर मी दर वेळी चिडले. पण तुझी गाडी वाजली की सलाईनचा स्टँड आधी ओढून ठेवायची, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय होतं.

मग तुला एकदा नागच चावला. दोन बारीक दात उमटलेले. आम्ही तुला दिवसभर झोपवून ठेवलं, काही झालं नाही. मी समजावून सांगितलं की नाग दर वेळी विष सोडत नाही, त्या वेळी त्याने सोडलं नाही, तुझं नशीब. तू वेगळंच घेऊन घरी गेलास. "अंगात मुरलं आता आपल्या." साप धरणारे सगळेच हे बोलतात. एकमेकांना चावे दाखवतात, जसं शाळेत पोरं बक्षिसं दाखवतात. दुसऱ्याला चावला की दवाखाना आणि आपल्याला चावला की मुरलं. हे गणित तुम्हा लोकांशिवाय कोणी मांडणार नाही.

म्हणूनच मी तुला पुस्तकाचा शेवट सांगितला होता. नर्सिंगला अकोल्याला होते तेव्हा तिथल्या वाचनालयात तसंच पुस्तक सापडलं, अख्खं. तेव्हापासून शेवट मला माहीत होता, पण तुझ्या त्या दोन दातांनंतर मी तो मुद्दाम काढला.

"हर्क्युलस मेला," मी म्हटलं.

"कोनं मारला?"

"सापाच्या विषानं."

पाण्यातला अनेक तोंडांचा साप त्याने मारला होता, तो तुझा आवडता. मारल्यावर त्याने आपले बाण त्याच सापाच्या विषात बुडवून ठेवले. पुढे एका बाणाने कोणी मेला, त्याचं विष मिसळलेलं रक्त औषध म्हणून याच्या बायकोच्या हाती आलं. मरणाऱ्यानेच तिला फसवून दिलं होतं. नवऱ्याची माया परत यावी म्हणून तिने ते सदऱ्याला लावलं. त्याने सदरा अंगात घातला आणि जळत मेला.

"पाह्य!" तू म्हणालास. "बायकोनंच मारला."

"तिले काय माहीत? विष याचं, बान याचे."

"माह्या पुस्तकात नाही ते," तू म्हणालास आणि विषय मिटला. तू खरंच असं धरून चालला होतास की भेळवाल्याने फाडलेलं घडलंच नाही.

त्या दिवशीचं मला तुझ्या सोबतच्या पोरांनी सांगितलं, आणि व्हिडिओतही आहे. सोयाबीनच्या गोडाऊनमध्ये नाग निघाला. तू नीट धरला होतास. बरणीत घालायचा तेवढा राहिला होता. गोडाऊनचे मालक पोत्यांच्या थप्पीवर खुर्ची टाकून बसले होते, तिथून म्हणाले, "वा मिलिंद! एक आमच्याकडं तोंड करून." तू वळलास. फणा चेहऱ्याजवळ घेतलास आणि मोबाइलकडे पाहून हसलास. तेव्हा तो बोटाला चावला. व्हिडिओत पोरं विचारतात, "भाऊ, लागलं काय?" तू म्हणतोस, "आपल्याले काय होते बे."

मग तू नाग बरणीत घातलास. दवाखान्यात न येता आधी त्याला सोडायला गेलास. तिथून घरी. घरी बसून चहा प्यालास. दोन-अडीच तास असेच गेले. तुला आणलं तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या. तू बोटाने पापणी वर करून मला शोधलंस. जीभ जड झाली होती. डॉक्टर मॅडमनी लगेच विषावरची लस चालू केली, मी स्वतः बाटली लावली. तू काहीतरी विचारत होतास. मला फक्त 'झोळी' एवढं कळलं. मी म्हटलं, "बोलू नको, श्वास घे." अकोल्याच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेत तू श्वास घ्यायचा थांबलास. मी श्वास देणारा फुगा दाबत राहिले. अकोल्यात त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

काय विचारत होतास ते मला कळलं आहे असं वाटतं. झोळीतला तो साप जिवंत होता का, हेच ना? मिलिंद, मेलेला होता. तेव्हाही मी तेच सांगितलं असतं.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी गावात ठरलं की डॉक्टरणीने इंजेक्शनला उशीर केला. पोरगी पंचविशीतली, पहिलीच नेमणूक, इथे तिचं कोणी नाही. पोरांनी ओपीडीची काच फोडली. ती स्टोअररूममध्ये बसून मला विचारत होती, "सिस्टर, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही. ते तिला एकटीला सांगून भागणार नव्हतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरून बाहेर मांडव घालावा लागला. त्रिसरण झालं, पंचशील झालं, मग आदरांजली. पहिले उठले मालक. पांढरे कपडे, रुमाल हातात. वाघ गेला म्हणाले. रडले. मग म्हणाले की त्या डॉक्टरणीला निलंबित केल्याशिवाय मिलिंदच्या आत्म्याला शांती नाही. आपल्याकडे आत्मा मानत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार. टाळ्या पडल्या. मला तुझ्या त्या झ्यूसचीच आठवण झाली. त्याचा एक मुलगा लढाईत मरत होता आणि हा वरून बघत होता. वाचवलं नाही, रक्ताचा पाऊस पाडला. तेवढा त्यांना जमतो.

मी उठले. माइक मागितला.

मी काय बोलले ते तुला तुझ्या पोरांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. मी म्हटलं, "मी त्याची बहीन हाये अन् त्या ड्यूटीवरची नर्सबी हाये. तो आल्या आल्या लस लावली. उशीर मॅडमनं नाही केला, मिलिंदनं केला. फोटोसाठी नाग तोंडाशी नेला, चावल्यावर नाग सोडाले गेला, घरी जाऊन चहा पेत बसला. ज्यायले ज्यायले साप धरायचा हाये त्यायनं हे ध्यानात ठेवा. मुरत काही नसते. चावला की सरळ दवाखान्यात."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालक चपला शोधायला लागले. तुझ्या पोरांपैकी एक म्हणाला, "सख्खी बहीन अन् मेलेल्यावर असं बोलते." आपल्या आत्याने तोंड फिरवलं. त्याचं मला काही नाही. डॉक्टरणीविरुद्ध गावाने लिहिलेला अर्ज दुसऱ्या दिवशी थंड झाला, ती अजून इथेच आहे. मला वाटलं, काम झालं.

पण त्याच दिवशी खीर वाढताना पंगतीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "पन चहा कोनं करून देल्ला?"

मी तुझ्या बायकोकडे, वंदनाकडे पाहिलं. ती खिरीचं पातेलं धरून उभी होती. तिने ऐकलं होतं.

मिलिंद, मी आयुष्यभर औषधाचं माप चुकले नाही. तिथे चुकले. तुझं नाव घेऊन मी जे बोलले ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही, सगळं तिच्या अंगावर जाऊन पडलं. आठवडाभरात गावाची गोष्ट तयार झाली. नवऱ्याला नाग चावला आणि ही चुलीपाशी चहा उकळत बसली. बायका भेटायला म्हणून यायच्या आणि चुलीकडे बघून जायच्या. नाग कोणाला आठवेना, व्हिडिओ आठवेना, थप्पीवरची खुर्ची तर नाहीच. यातल्या एकानेही तुझं पुस्तक वाचलेलं नाही, तरी सगळ्यांनी गोष्ट बरोबर तशीच रचली. बाण कोणी विषात बुडवले ते कोणी विचारत नाही. सदरा कोणी दिला, एवढंच.

अकोल्याच्या त्या अख्ख्या पुस्तकात पुढचंही होतं. ते मी तुला सांगितलं नव्हतं. हर्क्युलस चितेवर चढला, झ्यूसने वरून वीज पाठवली, माणसाचा अर्धा जळून गेला आणि देवाचा अर्धा वर नेला. तिथे त्याला नवीन बायकोसुद्धा मिळाली. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं तिथे. आणि खाली राहिलेल्या बायकोला एक ओळ होती. झालेलं कळल्यावर तिने जीव दिला. एक ओळ, मग पुन्हा ऑलिंपस.

ती ओळ मला ड्यूटीवर असताना आठवली, तापाच्या एका पेशंटचा तक्ता लिहिताना. मी तक्ता दुसऱ्या नर्सच्या हातात दिला, रजा टाकली आणि तुझ्या घरी आले. आता बारा दिवस इथेच आहे असं समज, मोजले नाहीत.

वंदना चुलीपाशी जात नाही. तिच्या हातचा चहा होत नाही. मी करते, मीच पिते. ती कामं सगळी करते, बोलत नाही. तुझी बरणी, तुझी साप धरायची आकडी, सगळं तिने कोपऱ्यात कापडाखाली ठेवलं आहे. माझ्याशी बोलायची तिला गरज नव्हतीच, माझ्यामुळेच तर हे झालं. मी तिला सॉरी वगैरे म्हटलं नाही. भाजी निवडली, पाणी भरलं, रात्री तिच्या खाटेला खाट लावली.

काल दुपारी ती तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्या त्यायले म्हनलं होतं, ताई. बोट पाहून म्हनलं, दवाखान्यात जा. ते म्हने, आधी चहा टाक."

"मंग?"

"मंग टाकला." सूप थांबलं. "ताई, म्या चहा नसता टाकला तं?"

इतके दिवस ती हेच धरून बसली होती. मी दवाखान्यातली बाई, अशा वेळी काय बोलायचं ते मला शिकवलेलं आहे. तुझा दोष नाही, मन घट्ट कर, असलं. ते मी हजार जणींना सांगितलं आहे आणि त्याने एकीलाही काही झालेलं पाहिलं नाही. मी तुला ओळखते, ते सांगितलं.

"तं त्यानं पानी मांगतलं असतं," मी म्हटलं. "पानी देल्लं नसतं तं तंबाखू मळत बसला असता."

तिने सूप खाली ठेवलं. मग तिने तुला शिवी दिली. चांगली सणसणीत, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी. मग दुसरी.

मी उठले आणि पुढचं दार सताड उघडून ठेवलं.